वेगळ्या कपाचं अर्धायुष्य

आई,

आज घरात कप कमी पडले, म्हणून तुला लिहितेय. हसशील!

दुपारी सुनीलचे मित्र आले. त्यानं तू गेल्यापासून फळीवरच असलेला तुझा निळ्या फुलांचा कप काढला आणि मी ओरडले, "तो नको रे, तो आईचा वेगळा आहे!"

"अगं, तू फिजिक्सची मॅडम ना? एवढ्या वर्षांनी काय उरलंय त्यात?" तो म्हणाला.

काहीच नाही, आई. लाज वाटतेय ती त्याचीच.

थायरॉइडसाठी तुला किरणोत्सारी आयोडीन दिलं, तेव्हा घाटकोपरच्या या दोन खोल्यांत आतली खोली तुझी केली. ताट, कप, टॉवेल सगळं वेगळं. थोडे दिवस ते हवंच होतं, तुझ्या थुंकीतून-घामातून औषध बाहेर पडत होतं. पण तू विचारलंस, "किती दिस गं?" आणि मी पेपर तपासता तपासता म्हणाले, "डॉक्टर सांगतील तोवर."

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं गं. तुला सांगायचं मीच विसरले.

वर्गात मात्र किती रंगवून शिकवते! उन्हात ठेवायचे होते, पण आभाळ आलं म्हणून एका शास्त्रज्ञानं युरेनियमचे क्षार आणि काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच खणात ठेवून दिली. ऊन लागलं नाही, तरी काचेवर डाग उमटला. किरण त्या क्षारांतूनच, आपले आपण निघत होते. अणूच आतून बदलतो, त्यामुळे ते तापवून थांबत नाहीत की थंड करून. ठरल्या वेळात निम्मे होतात, मग निम्म्याचे निम्मे. तुझ्या औषधाला निम्मं व्हायला आठ दिवस पुरे होते. फळ्यावर हे गणित मी डोळे मिटून सोडवते. तुला चहा देताना कसं सुचलं नाही?

तू तो कप स्वतः घासून खिडकीत पालथा घालायचीस. महिने गेले, वर्ष गेलं. सुनील एकदा म्हणाला, "आई, बाहेर या ना, आमच्याबरोबर चहा घ्या." तू हसलीस. "असू द्या जावईबापू. सवय हाय मला."

कसली सवय, ते मला आज कळलं. लहानपणी तूच सांगायचीस, गावात तुमच्या ओंजळीत उंचावरून पाणी ओतायचे, चहाची कान तुटलेली कपबशी वळचणीला खोचलेली असायची. त्या कपबशीची मुदत कधी संपलीच नाही. ती नको म्हणून तू आणि बाबा मुंबईला आलात. आणि तुझ्या शिकलेल्या लेकीनं तुला पुन्हा तसाच कप दिला!

तू तरी भांडायचंस ना गं! रेशनच्या रांगेत कुणाला पुढे घुसू न देणारी तू, माझ्यापुढे गप्प का बसलीस? मीही त्यांच्यातलीच वाटले का तुला?

तुझा कप आता सगळ्यांच्या कपांत ठेवलाय. ज्याच्या हाती येईल त्यानं त्यातून प्यावं. आणि पुन्हा कधी आजारपणात कुणासाठी वेगळं भांडं काढावं लागलंच, तर हातातलं काम ठेवून त्याच्याजवळ बसेन आणि आधी सांगेन, किती दिवस.

तुझी,
विजू