बर्फ कुणामुळे साचतो

४ मार्च

दूध पुन्हा नासलं! आणि नेमके आज चिरंजीव सपत्नीक हजर. सूनबाईंनी पातेलं नाकाशी नेलं आणि सिंकमध्ये ओतलं. चिरंजीवांनी फ्रीझर उघडून मागच्या भिंतीवरचा बर्फ नखानं खरवडला. "बाबा, तुमच्याकडून फ्रीजचं दार उघडं राहतं." आवाज मऊ — लहान मुलानं अंथरूण ओलं केल्यावर लावतात तसला!

मग सूनबाई : "असं एकट्यानं किती दिवस रेटणार? आम्ही तो वृद्धाश्रम बघून आलोय. स्वच्छ आहे हो."

म्हणजे नासलं दूध, आरोपी मी, आणि शिक्षा आधीच लिहून तयार. घर चिरंजीवांच्या नावावर आहे. राहतो मात्र मी, आणि इथून हलणार नाही.

म्हटलं, "दोष यंत्रात निघाला तर हा विषय कायमचा बंद. कबूल?"

"कबूल, बाबा."

५ मार्च

जन्मभर व्यासपीठावरून गर्जत आलो — आधी पुरावा आणा, मग तोंड उघडा! आता स्वतःच्या डोक्याचा पुरावा आणायची पाळी.

दाराच्या रबरात चारी बाजूंनी कागदाची पट्टी अडकवून ओढली. घट्ट. कुठेही सैल नाही. वर फ्रीझरच्या मागच्या भिंतीवर दगडासारखा बर्फ, खालचे कप्पे कोमट, आणि आतला पंखा कशाला तरी घासून खर्रखर्र करतोय.

७ मार्च

फ्रीज बंद केला, दार सताड उघडं टाकलं, सगळा बर्फ वितळू दिला. (या घरात दार उघडं राहिलं ते हे — मुद्दाम आणि पूर्ण शुद्धीत!) बादल्या, फडकी, जुने टॉवेल. कंबरेचा पार भुगा. संध्याकाळी चालू केला तर खालीसुद्धा छान गार.

१३ मार्च

बर्फ परत! एवढा आनंद मला निवडणुकीच्या निकालानंतरही झाला नव्हता.

स्क्रू काढून फ्रीझरची मागची पत्रा-पट्टी उचकटली. आत गारवा देणारी नळ्यांची जाळी — दिसतच नव्हती. सगळी पांढरी भिंत. वाऱ्याला वाट नाही, मग खाली गारवा पोचणार कुठून?

पुस्तिका काढून वाचली, दोनदा. या यंत्राला अधूनमधून थांबून स्वतःचाच बर्फ वितळवावा लागतो. त्यासाठी जाळीखाली छोटा हीटर असतो. वेळ झाली की टायमर तो लावतो. थोडक्यात, नीट चालायचं तर मधूनमधून तापलं पाहिजे. मला आयुष्यभर तापट म्हणणाऱ्या नातेवाइकांना ही पुस्तिका भेट द्यावी म्हणतो.

१४ मार्च

सूनबाईंचा फोन. "जेवलात का?" दोनदा विचारलं. फ्रीजबद्दल एकदाही नाही.

१५ मार्च

टायमर सापडला. स्क्रूड्रायव्हरनं हळूहळू फिरवला. टक्! कंप्रेसर गप्प. आता हीटर तापायला हवा, पाणी ठिबकायला हवं. खुर्ची ओढून बसून राहिलो. हात लावला — बर्फच. थेंब नाही! टायमर हुकूम देतोय आणि हीटर मेला आहे.

ही असती तर म्हणाली असती, "झालं का समाधान? आता चहा घ्या."

१७ मार्च

मेकॅनिक आला. बडबड्या, पायात बूट घालूनच थेट स्वयंपाकघरात.

"आजोबा, पत्रा तुम्ही उघडलात? वकील आहात का?"

"वक्ता."

"म्हणजे काम काय करता?"

मी फ्रीझरकडे बोट दाखवलं. त्यानं मीटर हीटरला लावला. काटा ढिम्म. "गेलाय." विचारलं, दार उघडं राहिल्यानं असं होईल का? "दारानं झाला असता तर बर्फ पुढे, सामानावर धरला असता. हा सगळा जाळीवरच साचलाय. दाराचा संबंध नाही." मी त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, फोनवर ध्वनिमुद्रित केलं. तो हसत सुटला. "कोर्टात जायचंय का?"

जायचंय तर! मुलाच्या.

१९ मार्च

नवा हीटर उत्तम. पंखा शांत. चिरंजीवांना फोन लावला आणि बोललो — काय बोललो! पट्टी, पत्रा, टायमर, शेवटी मेकॅनिकची साक्ष ऐकवली. श्वास घेतला तेव्हा पलीकडून एवढंच आलं, "बरं झालं, बाबा. आता बर्फ धरत नाही ना? आवाज पण नाही ना?"

"नाही. आणि तो विषय?"

"हो हो. बंद."

इतका नरमला! शरम वाटली असणार. मीही फार ताणलं नाही. हरलेल्याला सभेत कधी चिरडलं नाही मी.

२४ मार्च

चिरंजीव न सांगता आले. बरोबर एक अनोळखी जोडपं. खोल्या फिरले, नळ सोडून बघितले, खिडक्या ओढून बघितल्या. बाईंनी फ्रीज उघडला.

"हा पण घराबरोबरच ना?"

"हो, सगळं आहे तसं," चिरंजीव म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. "आजोबा, नीट चालतो ना हो?"

खोटं कधी बोललो नाही. म्हटलं, "उत्तम चालतो."