नळाशेजारची विहीर

नीनाताई,

कार्डिफच्या लायब्ररीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या प्रदर्शनात तुम्ही अमेरिकेतल्या काळ्या लोकांसाठीच्या वेगळ्या नळाचा फोटो भिंतभर लावलात. माझ्या आजीचा विहिरीवरचा फोटो मात्र परत केलात. "इथल्या लोकांत आपलीच बदनामी कशाला?" म्हणालात.

त्या विहिरीला हात लावायची आजीला बंदी होती, कारण आम्ही महार. कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत ती ओंजळ धरून उभी राहायची. अमेरिकेतला अन्याय तुम्हाला दिसतो आणि आपल्या गावचा झाकायचा? बरंय.

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही ते कमिटीपुढे ठेवून विषय गुंडाळाल. उद्या उद्घाटनाला मी आजीचा फोटो घेऊन त्या नळाशेजारीच उभी राहणार. कुणी विचारलं, तर ओंजळ धरून दाखवेन. पाणी तुम्हीच वरून ओता.

विमलाबाईंची नात,
करुणा मेश्राम