बाळ येशूच्या पायाशी ठेवलेला डबा

थोरले बंधू मानोंग एलेउतेरियो यांस,

आशीर्वादासाठी दुरूनच तुमचा हात माझ्या कपाळाला लावतो. गुडघा कसा आहे? वहिनींची खोकल्याची उबळ गेली का? इकडे सगळं क्षेम आहे, डुकरीला नऊ पिल्लं झाली, भात बरा आहे. आजारी आहे ते फक्त इंटरनेट, आणि त्याचं खापर घरातले सगळे माझ्या भक्तीवर फोडतात. म्हणून हे पत्र.

तुमची पुतणी जोवेलिन घरबसल्या कोरियातल्या मुलांना इंग्रजी शिकवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या खोलीत वाय-फाय इतकं मंद, की मुलाचं तोंड केळ्यासाठी उघडतं आणि आवाज आधीच्या सफरचंदाचा येतो. कंपनीने बजावलं आहे, या महिन्यात आणखी दोन तास मध्येच तुटले तर नोकरी संपली. म्हणून तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने वाय-फायच्या डब्यातून तार काढून थेट लॅपटॉपला लावली, वेग पंच्याण्णव. तोच लॅपटॉप तिच्या खोलीत वाय-फायवर, वेग चार. (मी त्याला तांदळाचा वाफवलेला गरम पुतो आणि घट्ट चॉकलेट दिलं होतं. तरी चारच.) तो म्हणाला, रस्त्यावरून येणारी लाइन उत्तम आहे, डब्याची जागा चुकली. डबा देव्हाऱ्यात, आणि देव्हाऱ्याच्या पाठीला आपल्या वडिलांनी वादळात उडालेल्या छपराचा पत्रा ठोकलेला. पत्र्यापलीकडे लहरी जात नाहीत. डबा हलवा.

मी म्हटलं, हलणार नाही. जोवेलिनला नोकरी लागली तेव्हा मी नवस बोललो आहे, की ज्या यंत्रावर तिचं पोट भरतं ते बाळ येशूच्या पायाशीच राहील. पाद्रीबाबांनी त्यावर तीर्थही शिंपडलं आहे (जरा लांबून, कारण वीज चालू होती). तीस वर्षं मी त्या पत्र्यासमोर गुडघे टेकतो. माझी एकही प्रार्थना त्याला आदळून परत आलेली नाही. डब्याला येत असतील अडचणी तर त्या त्याच्या श्रद्धेच्या आहेत.

तरी मी हातावर हात ठेवून बसलो नाही. डबा बंद करून चालू केला. शेजारच्या कराओके यंत्राच्या लहरींशी भांडण नको म्हणून तंत्रज्ञाने सांगितल्याप्रमाणे डब्याचं चॅनेल बदललं. मग फोन छातीशी धरून घरभर चौदा जागी थांबलो, प्रत्येक जागी मान खाली घालून आकडा वाचला आणि वहीत लिहिला. सहाव्या जागेला मागे कुजबूज ऐकू आली. वळून पाहतो तर शेजारच्या नांग पुरा जपमाळ घेऊन गुडघ्यांवर. त्यांना वाटलं मी क्रुसाची वाट चालतोय, येशूच्या यातनांच्या चौदा स्थानांशी थांबत करायची ती प्रार्थना. थांबवणं बरं दिसेना, म्हणून उरलेली आठ स्थानंही त्यांच्यासह केली. (मोरीत वेग दोन. तिथेही त्या रडल्या.)

शेवटी दोन मीटरच्या तारेने जोवेलिनला देव्हाऱ्यासमोरच बसवलं. वेग पंच्याण्णव, धडा एकदाही तुटला नाही. पण तिच्या विद्यार्थ्याने तासभर एकच विचारलं, बाईंच्या मागे मुकुट घातलेलं ते बाळ कोण? त्याच्या आईने तक्रार केली. कंपनी म्हणते, मागे कोरी भिंत हवी. आता घरात सगळे माझ्याकडे बघतात. बघोत. नवस मोडणार नाही, आणि मुलीची नोकरीही जाऊ देणार नाही.

आपला धाकटा भाऊ,
क्रिस्पुलो

ता. क. सेबूच्या बाजारातून देव्हाऱ्यापासून तिच्या खोलीपर्यंत पुरेल अशी तीस मीटर तार आणि दोन्ही टोकांना लावायचे प्लग गुरुवारच्या बोटीने पाठवा. निघाल्यावर हव्या तिथे नीट पोचते ती तारच. पत्र खरं तर याचसाठी आहे.

ता. क. २. मी पाकिटाला गोंद शोधत होतो तेवढ्यात जोवेलिनने पत्र वाचलं. म्हणाली, "ताताय, नवस पायाचा आहे. देव्हाऱ्याचा कुठे आहे?" आणि तिने बाळ येशूला उचललं, डब्यासकट, आणि आपल्या खोलीत टेबलावर, लॅपटॉपच्या पलीकडे, स्वतःकडे तोंड करून ठेवलं. पत्र्यामागे लाइनचं मोठं वेटोळं होतं, ते तिथवर पुरलं. वेग अठ्ठ्याऐंशी. तिच्या बोलण्यातली खोट मी अजून शोधतोय. तुम्हाला सापडली तर कळवा.

ता. क. ३. तार तरीही पाठवाच. तिचे वर्ग संध्याकाळी पाच ते नऊ असतात, तेवढा वेळ बाळ येशू आत आणि दाराला आतून कडी असते, आणि मी व नांग पुरा रिकाम्या पत्र्यासमोर जपमाळ करतो.