अक्काताईंची धाबळी

॥ श्री ॥
बेळगाव, ता. ३ मे १९३१

चि. सौ. जयाबाईस वडीलनणंद अक्काताईचे अनेक आशीर्वाद.

मला सोवळ्यात नेसायला तू पाठवलेली धाबळी पोचली. गाठोडं सोडलं आणि घराचा मेंढवाडा झाला. काळी राठ लोकर नि कोकराची पांढरी एकत्र पिंजून हा मळकट रंग साधण्यात तुझे चार महिने गेले म्हणे. सूत तरी सारखं कातायचं. कुठं सुतळी, कुठं केस.

माझा भाऊ केशव वकील आणि त्याची बायको सोप्यात धनगरणीशेजारी बसून टकळी फिरवते, हे सगळी निपाणी बघते. केशवला वेगळं लिहिलं आहे, ती मालुबाई घरात नको.

धाबळी परत पाठवते आहे. सोबत माझ्या पेठेतून घेतलेल्या धाबळीचा दोरा आहे. अकरा वर्षं नेसते आहे. लोकर कशी असते ते बघ, म्हणजे हौस फिटेल.

आशीर्वाद आहेतच.
अक्काताई

निपाणी, ता. १० मे १९३१

ती. वन्संस जयाचा शि. सा. नमस्कार.

आपल्या पत्रावरून ह्यांनी टकळी माळ्यावर टाकली आणि मालुबाईंना यायची बंदी केली. निरोप घ्यायला आल्या तेव्हा तुमचा दोरा त्यांना दाखवला. बोटांत चुरून हसल्या. म्हणाल्या, वैनी, ही लोकर न्हाय, जाळून बगा.

चुलीत धरला. लोकर जळताना केस जळल्याची घाण येते, आक्रसून काळी गोळी होते. हा भुर्रकन पेटला आणि राख झाला. वन्सं, तो कापूस आहे, वर नावाला लोकर मिसळलेली. लोकरीला विटाळ नाही म्हणून तुम्ही ती रोज धूत नव्हता. म्हणजे अकरा वर्षं पारोसं सूत नेसून आम्हाला सोवळं शिकवलंत. माझी सुतळी निदान मेंढीची आहे.

लोभ आहे तेवढा राहो.
जया

बेळगाव, ता. १७ मे १९३१

चि. सौ. जयाबाईस आशीर्वाद.

तुझ्या जिभेला हाड नाही. मीही एक दोरा जाळून पाहिला. राखच झाली. केशवला लिहिलं आहे, टकळी काढून दे, मालुबाईंना बोलावून घे. धाबळी पाठव. वास असला तर असू दे.

इथं कुणाला सांगितलेलं नाही. सूनबाई लतिकेचा पदर चुकून लागला की मी पुन्हा अंघोळ करायची आणि पाणी तिनं आडावरून शेंदून आणायचं. बाळंतपणानंतरच्या थंडीतसुद्धा मी तिला सोडलं नाही. काल पुन्हा पदर लागला. मी अंघोळीचं नाव काढलं नाही. ती मात्र कळशी उचलून आडाकडे गेली, आणि मला तिला हाक मारता आली नाही.

अक्काताई