मेथॅनॉल मध्ये येतं

११ एप्रिल १९८८

बर्फ वितळला! पुन्हा! लादी पोत्यात गुंडाळून सायकलवर आणली, तरी निम्मी रस्त्यातच गेली. वर्ध्याच्या या उन्हात क्लोरोफॉर्म थंड ठेवायचं म्हणजे— जाऊ दे. साचा जमलाच नाही, आजची बाटली फुकट.

कॉलेजला सुट्या. प्रयोगशाळेत मी आणि पंखा. दिवसभर कोणाशी एक शब्द नाही. सिंदी मेघेला खोलीवर आले तर घरमालकीण आनंदाबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या अंगाले दवाखान्याचा वास येऊन राह्यला." तेवढंच आजचं बोलणं.

१४ एप्रिल

जमला साचा! पांढरा, कडक. खलात कुटून चाळला, धुवायला लावला.

आनंदाबाईंनी विचारलं, दिवसभर करता तरी काय? सांगितलं— एका रेणूभोवती प्लास्टिक घट्ट होऊ द्यायचं. मग तो रेणू धुऊन काढायचा. आत त्याच्याच मापाची जागा उरते. पुढे त्याला त्याच्या जुळ्या भावाबरोबर मिसळून दिलं, तरी साच्यानं त्यालाच धरायचं. दोघांत फरक डाव्या-उजव्या चपलेएवढा. औषधं शुद्ध करायला कामी येईल.

"अस्सं," म्हणाल्या, आणि गहू निवडायला लागल्या.

२० एप्रिल

क्लोरोफॉर्ममध्ये केलेला साचा डावाच रेणू धरतो, ज्याच्याभोवती घडवला तोच! तीनदा केलं. तीनदा डावाच! कोणाला सांगू? खिडकीत एक होला बसला होता. त्याला सांगितलं!

मग उमाटे सरांच्या पद्धतीनं केलेला साचा घेतला— मेथॅनॉलमधला. सरांनी मेथॅनॉल घेतलं, कारण रेणू त्यात झटकन विरघळतो. चार वर्षांपूर्वी त्यावर त्यांचा निबंध छापून आला. त्यांचं नाव झालं ते त्यामुळेच. मला या कामाला लावलं तेही सरांनीच.

त्यांचा साचा डावा-उजवा काहीच ओळखत नाही. माझीच चूक असणार.

२२ एप्रिल

माझी चूक नाही.

सर साच्याला डाव्या-उजव्याचं मिश्रण देत, मग साच्यानं धरलेलं धुऊन मोजत. त्यात डावा जास्त निघे. मी आज मिश्रण दिलंच नाही. नुसता साचा धुतला. तरी डावा निघाला! म्हणजे तो पहिल्यापासून आत अडकून राहिलेला. साच्यानं निवडलेलं काहीच नव्हतं.

कारण साधं आहे. रेणूचा हात धरायला आपण जे आम्ल घालतो, त्याला मेथॅनॉल स्वतःच बिलगतं. मध्ये येतं. रेणूला धरायला कोणी उरत नाही. क्लोरोफॉर्म मध्ये पडत नाही.

आठ मेला सरांचा निवृत्तीचा सत्कार आहे. त्याच निबंधावर बोलणार आहेत.

२४ एप्रिल

हिंगणीला घरी आले. आई भेंडी तोडत होती. तिला एवढंच सांगितलं, सरांचं चुकलंय आणि ते फक्त मला माहीत आहे.

"मंग सांगत काऊन नाई?"

"मग ते माझ्याशी बोलणार नाहीत, आई."

"अन् दुसरं कोन बोलते तुयाशी?"

कोणीच नाही. तेच तर! मीही तिच्याबरोबर भेंडी तोडू लागले. बोटं अजून खाजताहेत.

२७ एप्रिल

सांगितलं.

सर घराच्या ओट्यावर एकटेच होते. त्यांच्या घरच्या काकू वारल्यापासून तिथेच बसतात. आकडे समोर ठेवले. सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"सत्कार झाल्यावर सांगितलं असतं तर, जयवंता?"

"तुम्ही सगळ्यांसमोर त्याबद्दलच बोलणार होता, सर."

"हो." मग, "जा तू. ऊन वाढेल."

चहा विचारला नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं.

२ मे

सरांचा निरोप नाही. मीही गेले नाही. माझ्या चांगल्या साच्याचाही आज कंटाळा आला.

८ मे

सत्कार. मी मागच्या रांगेत, दाराजवळ. प्राचार्यांनी निबंधाचं तोंडभरून कौतुक केलं. शाल, नारळ, टाळ्या. सर उठले. कागद हातात होता, त्याकडे पाहिलंही नाही.

"प्राचार्य आत्ता ज्याबद्दल बोलले, तो निबंध चुकीचा आहे. द्रावक चुकला, अन् मोजणीही चुकली. माझ्या विद्यार्थिनीनं दाखवून दिलं. मासिकाला तसं कळवलं आहे मी."

एवढं बोलून खाली बसले. कोणीतरी टाळी वाजवायला गेलं आणि थांबलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बाहेर आमच्याच विभागातले एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाले, "म्हाताऱ्याचा दिवस नासवला तुम्ही, मॅडम!"

चालतच खोलीवर आले. जेवले नाही. खरं बोलून कसलं समाधान होतं म्हणे? मला तर नुसतं भकास वाटतंय.

१० मे

प्रयोगशाळेचं दार उघडं! आत सर. बाह्या वर, समोर परीक्षानळ्या मांडलेल्या. वर न पाहताच म्हणाले, "क्लोरोफॉर्ममध्ये मेथॅनॉल थोडं थोडं वाढवत जाऊ. नेमकं कुठं बिघडते ते तर पाहू. तू सांग, मी लिहितो."