आणखी एक स्मरणार्थ कपाट

मंगळवार, पाथर्डी

डोकं उठलंय नुसतं. आज वाचनालयात पुन्हा एक लोखंडी कपाट आलं. घरातलं माणूस गेलं की वर्षश्राद्धाला वाचनालयाला कपाट द्यायचं, त्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ रंगवून, ही आमच्या गावाची रीत. रीत चांगलीच आहे, पण ठेवू कुठं? खोल्या दोन! कपाटांपुढे कपाटं उभी, मागच्यांची दारं उघडत नाहीत. स्पर्धा परीक्षेच्या मुली जिन्यात बसून अभ्यास करतात. समितीकडे किती वर्षं खोली मागतेय. खोली कोणी देत नाही, कपाटं देतात.

आजचं कपाट शंकरअण्णांच्या वडिलांच्या नावाचं. टेम्पो दारात लावूनच अण्णा आत आले.

“अण्णा, जागाच नाही हो. आधी विचारायचं तरी!”

“म्हातारा रोज हितंच पेपर वाचायचा, मॅडम. त्याचं नाव हितं नको व्हय?”

मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. खरंच ठाम होते मी. मग त्यांची नजर खिडकीकडे गेली. खिडकी अडवून उभ्या असलेल्या कपाटावरचं नाव त्यांनी सावकाश वाचलं.

“ह्या तुमच्या आईच ना?”

ते मीच आणलेलं. तेव्हा तरी कुठं जागा होती?

टेम्पो रिकामा झाला.

उद्या आईचं कपाट घरी घेऊन यावं. खिडकी मोकळी होईल, दोन मुली तरी उजेडात बसतील. घरी जागा आहे. पण इथं घरात तिचं नाव वाचणार कोण?