गॅरेजशेजारच्या खोलीतला वारा

नाना, गेल्या मंगळवारी तुमच्या खोलीच्या भिंतीला भोकं पाडली. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, एका ओळीत सात. त्यांतून कामगारांनी जाड नळीनं कागदाचा भुगा आत भरला आणि भोकं लिंपून टाकली. खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलला. जुनी घरं हवाबंद व्हावीत, गॅस जाळून मिळवलेली ऊब भिंतींतून बाहेर जाऊ नये, यासाठी इथे आता अनुदान मिळतं. प्रतिज्ञा, म्हणजे जे सिद्ध करायचं ते, आधी मांडावी आणि हेतू, म्हणजे त्याचं कारण, मागून द्यावा, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून प्रतिज्ञा आधी लिहिते : त्या हिवाळ्यात तुमचं म्हणणं खरं होतं.

तुम्ही इकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला आलात त्याला चौदा वर्षं झाली. तुम्हाला जिने चढवत नव्हते, म्हणून खालची, गॅरेजला लागून असलेली खोली दिली. डिसेंबरात बर्फ पडलं आणि तुम्ही म्हणू लागलात, खोलीत वारा येतो. मी हॉलमध्ये जाऊन थर्मोस्टॅट पाहून येते. "एकाहत्तर फॅरनहाइट आहे, नाना. घर एकच, ते गरम करणारी भट्टी एकच. तुमच्या खोलीत वेगळं कसं असेल?" तुम्ही माकडटोपी वर सरकवून विचारता, "हॉलमध्ये जे असतं ते खोलीत असतंच, हे कशावरून?" मी म्हणते, दार उघडं असतं म्हणून. "आणि मला गार लागतं, त्याचं काय?" ते वयामुळे, असं मी सांगते. त्यावर तुम्ही हसलात. "अगं, मला गार लागतं हे प्रत्यक्ष आहे. तुझं एकाहत्तर हे माझ्या खोलीपुरतं अनुमान." मी तेव्हा इथल्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होते. वयोवृद्धांच्या संवेदना अविश्वसनीय असतात, असं काहीसं बोलले आणि वाद जिंकला. तुम्ही एकावर एक दोन स्वेटर घालू लागलात. परतीचं तिकीट एप्रिलचं होतं. फेब्रुवारीत म्हणालात, बदलून दे, सांगलीत एव्हाना ऊन असेल. हरल्यामुळे रुसून गेलात, असा मी अर्थ लावला. पुढच्या वर्षी सांगलीहून दादाचा फोन आला, तुम्ही गेल्याचा. म्हणजे आपल्याला एकत्र राहायला मिळणारे शेवटचे दोन महिने मी एका आकड्यापायी घालवले. हे मला तेव्हा कळलं नाही. कळायला नवऱ्याचा गुडघा बदलावा लागला.

मला अनुमान तुम्ही शिकवलंत ते शाळेमागच्या आपल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात. मी नऊ वर्षांची आहे, आई भाकरी थापते आहे, आणि खिडकीतून हेडमास्तरांच्या घरावर धूर दिसतो. मी सांगून टाकते, त्यांच्याकडे आज लवकर स्वयंपाक सुरू झाला. तुम्ही संस्कृतच्या वह्या तपासत होतात, मान वर न करता विचारलंत, "जाऊन पाहिलंस?" आई म्हणाली, "अहो, पोर आहे ती." पण तुम्ही मला पाठवलंतच. हेडमास्तरीणबाई अंगणात डासांसाठी कडुनिंबाचा पाला जाळत होत्या. मी परत येऊन सांगितल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "धुरावरून विस्तव कळतो. स्वयंपाक तू पदरचा घातलास. आणि जिथे चार पावलं चालून पाहता येतं तिथे अनुमान करणं हा आळस आहे." मी रडले. आईनं ताटात जास्तीचं लोणी वाढलं, ते तुम्ही पाहिलंत आणि पुन्हा वह्यांत मान घातलीत.

यंदाच्या शरदात यांचा गुडघा बदलला आणि यांचा पलंग तुमच्या खोलीत आला. थंडी सुरू होताच यांनी हाक मारली, "अगं, इथे वारा येतोय." मी हॉलमधून उत्तर दिलं, "एकाहत्तर आहे." मग हे म्हणाले, "हे ऐकून नाना बिचारे शाल ओढून बसायचे. मी नाही बसणार. मी घराच्या तपासणीसाठी अर्ज करतो." मी म्हटलं, आपल्या घरात दोष नाही हेच सिद्ध होईल. "होऊ दे की! त्यांना सिद्ध करू दे, तू आराम कर. चाळीस वर्षं तूच सगळं सिद्ध करतेयस." अर्ज यांनी फोनवरूनच भरला, पलंगावर पडल्या पडल्या.

तपासणीला एक तरुण मुलगी आली. तिनं मुख्य दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवलं आणि त्यात एक मोठा पंखा लावला. पंखा घरातली हवा बाहेर खेचतो, मग बाहेरची हवा फटीफटीतून आत शिरते आणि गळती मोजता येते. पण पंखा सुरू करण्याआधी तिनं फॉर्म काढला. पहिलाच प्रश्न : घरात राहणाऱ्यांना कुठे गार लागतं? मी म्हटलं, तुमच्याकडे यंत्रं आहेत, आमच्या वाटण्याला काय महत्त्व? ती म्हणाली, "मॅम, कुठे गार आहे ते माणसांना माहीत असतं. का गार आहे, तेवढंच मशीन सांगतं." यांनी पलंगावरून मोठ्यानं म्हटलं, "लिहून घे गं हे, पुढच्या लेक्चरला!" मग ती तुमच्या खोलीत आली. तिच्या हातात धुराची बारीक कांडी होती. ती तिनं गॅरेजकडच्या भिंतीवरच्या प्लगपाशी, तुमच्या उशाशी, धरली. सरळ वर जाणारा धूर मोडून खोलीत आडवा पसरला. दुसऱ्या प्लगपाशीही तसंच. भिंतीच्या तळाशी असलेल्या लाकडी पट्टीखाली सगळीकडे तसंच. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात ती भिंत काळीनिळी, म्हणजे गारठलेली दिसली. आत काही भरलेलंच नव्हतं. घर बांधणाऱ्यांनी ही एक भिंत तशीच सोडली होती. "इथे आधी कोण झोपायचं?" तिनं विचारलं. माझे वडील, मी म्हटलं. "त्यांना फार थंडी वाजली असेल हो," ती म्हणाली आणि फॉर्मवर काहीतरी लिहू लागली. मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

काम झाल्यावर ती पुन्हा पंखा घेऊन आली, कारण सुधारणा मोजल्याशिवाय अनुदान मंजूर होत नाही. धूर आता सरळ वर गेला. भिंतीत भरलेला भुगा जुन्या वर्तमानपत्रांचा असतो, हे कळल्यावर हे म्हणाले, "नानांना सांगायला हवं. भिंतभर पेपर, आणि वाचता एकही येणार नाही." तुम्ही अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळं वाचायचात. आम्ही दोघं हसलो. आता हे त्या खोलीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बसतात आणि उकडतंय म्हणून तक्रार करतात. मी दर वेळी जाऊन पाहून येते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतं आहे. जानेवारीतल्या एका दुपारी तुम्ही मला खोलीत बोलावलंत. वाद घातला नाहीत. पलंगावर सरकून जागा केलीत, माझं मनगट धरून हात त्या प्लगपाशी नेलात आणि म्हणालात, "इथे ठेव. बघ." तुमची बोटं गार होती. मी हात ठेवला, पाचसहा श्वास होतील इतका वेळ ठेवला, आणि म्हटलं, काही नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, "बरं" म्हणालात आणि पेपर उघडलात.

वारा लागत होता, नाना. सुईसारखा, तळहाताच्या बरोबर मधोमध.